तीन पानांवरचा बुडबुडा

विषाच्या तपासणीचा तो अहवाल हातात आला तेव्हा मी आधी विष पाहिलं नाही, सही पाहिली. तिरपी, इंग्रजीतली, शेवटी लांब शेपटी काढलेली. खाली हुद्दा, सहायक रासायनिक विश्लेषक, आणि त्यावर निळा गोल शिक्का. ही सही कुठे जन्माला आली ते मला माहीत होतं. भंडाऱ्याच्या कॉलेजात, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, माझ्याच वहीच्या मागच्या पानावर माझा वर्गमित्र तिचा सराव करायचा. "मोठ्या माणसाची सही वाचता नाही आली पाहिजे बे," म्हणायचा.

मी ती वाचली आणि माझं तोंड कडू झालं. लपवून काय करू, हेवा होता तो. जुना, मुरलेला.

मी करडीचा, तो सिहोऱ्याकडचा. दोघांच्याही घरात आमच्याआधी कोणी कॉलेजचं फाटक ओलांडलं नव्हतं. माझे बाबा दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबायचे, त्याचे बाबा विटाभट्टीवर होते. हुशार मी होतो. हे मी फुशारकीनं सांगत नाही, गुणपत्रिका आहेत माझ्याकडे. रसायनशास्त्रात तिन्ही वर्षं मी त्याच्या पुढे. आणि त्याची प्रॅक्टिकलची जर्नल सगळीच्या सगळी माझ्या जर्नलवरून उतरलेली.

त्या जर्नलबद्दल सांगणं भाग आहे, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं. आमच्या प्रयोगशाळेत ब्युरेट कमी आणि पोरं जास्त. एका ब्युरेटवर सहा जण. ब्युरेट म्हणजे खुणा केलेली काचेची उभी नळी, तिच्यातून थेंब थेंब द्रावण सोडून मोजायचं. प्रत्येक प्रयोगाची तीन रीडिंग घ्यायची असा नियम. आमची पाळी येईपर्यंत शिपाई खिडक्या लावायला लागायचा. मग सगळे करायचे तेच आम्ही करायचो. एक रीडिंग घ्यायचं आणि बाकीची मनानं भरायची. पण सरांनाही ते कळायचं, कारण सगळ्यांच्या वह्यांत तिन्ही रीडिंग कशी गुळगुळीत, एकसारखी.

माझं डोकं तिथं चाललं. मी पहिलं रीडिंग मुद्दाम चुकीचं लिहायचो, त्यावर पट्टीनं एक आडवी रेघ मारायचो आणि बाजूला बारीक अक्षरात "एअर बबल" असं कारण द्यायचो. नळीत हवेचा बुडबुडा आला, म्हणून रीडिंग रद्द केलं, असा अर्थ. पुढे मग दोन छान जुळणारी रीडिंग. खाडाखोड दिसली की मास्तरला वाटतं, पोरानं खरंच मेहनत केली. सरांनी माझ्या जर्नलवर लाल शाईनं "उत्कृष्ट" लिहिलं. ती जर्नल मायनं माझ्या पदवीच्या कागदासोबत लोखंडी पेटीत ठेवली. ही युक्ती मी एकाच माणसाला शिकवली. त्याला.

शिक्षण संपल्यावर सरकारी प्रयोगशाळेची भरती निघाली. दोघांनी परीक्षा दिली. तो निवड यादीत आला, मी प्रतीक्षा यादीत, पहिला. म्हणजे तो रुजू झाला नसता तर मी. रुजू व्हायच्या शेवटच्या तारखेपर्यंत मी रोज फोन करून त्याची तब्येत विचारत होतो. "बरा आहे ना बे?" तो बरा होता. त्याला वाटलं, माझ्यासारखा दोस्त नाही.

मी मग वकिली शिकलो. मलाही लोक "वकील साहेब" म्हणतात, गावात मान आहे. पण आमच्या विहारात जयंतीला सत्कार ठेवला तो त्याचा, आणि त्याची ओळख करून द्यायला उभं केलं मला. मी पाच मिनिटं बोललो. टाळ्या त्याला पडल्या. घरी आल्यावर माय म्हणाली, "तुयाच वर्गातला ना तो? मंग तू काहून नाही झाला?"

"मी वकील झालो ना माय."

"हो, ते बी चांगलंच आहे," माय म्हणाली. तो "ते बी" मला अजून टोचतो.

आता खटल्याचं. मी भंडाऱ्यात एका मॅडमच्या हाताखाली काम करतो. ज्यांना वकील लावता येत नाही अशांच्या केसेस कोर्ट त्यांना देतं. पवनी तालुक्यातल्या एका खेड्यातली ही बाई त्यातलीच. वय तीसच्या आत. आरोप असा, की तिनं अंबाडीच्या भाजीत धानावर मारायचं औषध कालवलं. सासरा गेला, आणि दिराची पाच वर्षांची पोरगी गेली. दीर आणि सासू वाचले.

बाईचं म्हणणं साधं होतं. अंबाडी धुऱ्यावरची, म्हणजे धानाच्या शेताच्या बांधावर लावलेली. त्याच दिवशी सकाळी दिरानं तुडतुड्यासाठी धानावर फवारा मारला होता आणि तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं भाजी खुडली, एका पाण्यानं धुतली, शिजवली. पोलिसांचं म्हणणं, अंबाडी आंबट असते, चव लपावी म्हणूनच ती निवडली. आणि सगळ्यात मोठा पुरावा कोणता, तर सगळे जेवले, ही जेवली नाही.

ज्यांनी आमच्याकडचं एकही घर पाहिलं आहे त्यांना यात पुरावा दिसणार नाही. सून शेवटीच जेवते. सगळ्यांचं झाल्यावर, उरेल ते. तिची पाळी येण्याआधीच घरात उलट्या सुरू झाल्या होत्या. पण फिर्यादीच्या कागदात ओळ अशी होती: "आरोपीने सदर भाजी खाण्याचे टाळले."

राहिला प्रश्न, भाजीत औषध किती होतं. पानांवर उडालेलं असेल तर थोडं. बाटली ओतली असेल तर भरपूर. सगळा खटला त्या एका आकड्यावर उभा होता, आणि तो आकडा माझ्या दोस्ताच्या अहवालात होता. भरपूर. भाजीचं भांडं, ताट आणि मयत सासऱ्याच्या पोटातला अंश, तिन्हीत भरपूर. खाली ती शेपटीवाली सही.

कायद्यात अशी सोय आहे, की सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल तज्ज्ञाला कोर्टात न बोलावताही पुराव्यात वाचता येतो. बचावाला शंका असेल तर त्यानं तज्ज्ञाला बोलवा म्हणून मागायचं असतं. मॅडमच्या टेबलावर त्या दिवशी बारा केसेसचे गठ्ठे होते. त्यांनी मला विचारलं, "तू सायन्सवाला आहेस. बोलवायचं का याला?"

मला कोर्टाचं आवार दिसलं. सरकारी गाडी येईल. तो उतरेल, चकचकीत बूट, हातात फोल्डर. न्यायाधीश त्याला बसायला खुर्ची देतील, ती तज्ज्ञाला देतात, आणि मी माझ्या काळ्या कोटात मॅडमच्या मागे कागद धरून उभा. बार रूममधले चार वकील म्हणतील, हा तुमच्या जवळचाच ना?

"गरज नाही मॅडम," मी म्हणालो. "रिपोर्ट स्पष्ट आहे."

आणि अहवालाच्या कोपऱ्यात मी माझ्या हातानं लिहिलं: हरकत नाही. मॅडमनी खाली सही केली.

साक्षीपुरावे संपले. एका तारखेला सरकारी वकील व्हरांड्यात चहा पिताना सहज बोलून गेले, "लेकरू गेलं आहे यात. शिक्षा लागली तर मी फाशीच मागणार." त्याच दिवशी बाईला तारखेसाठी जेलमधून आणलं होतं. ती बाकावर दोन महिला शिपायांच्या मधात बसली होती. मला म्हणाली, "साहेब, थे औषध किती होतं म्हून ज्यानं मोजलं, थो आला होता का इथं?"

"नाही."

"मंग त्याले कसं मालूम, मी भाजी धुतली का नाही?"

"त्याला ते नाही पाहायचं. त्यानं फक्त मोजायचं."

"पण मोजलं ना त्यानं? बराबर?"

मी म्हणालो, "मोजलं असेल." माझ्या तोंडून "असेल" निघालं. तिनं ते ऐकलं की नाही ठाऊक नाही. ती पदरानं तोंड पुसत राहिली.

फाशीचं ऐकून मॅडमनी मात्र गठ्ठा पुन्हा सोडला. "आता एक-एक कागद पाह्यचा," म्हणाल्या, आणि प्रयोगशाळेतल्या कच्च्या नोंदी मागवायचा अर्ज दिला. कोर्टानं तो मंजूर केला. नोंदी आल्या त्या तीन पानांच्या, झेरॉक्स.

पहिलं पान, भाजी. तीन रीडिंग. पहिल्यावर पट्टीनं आडवी रेघ, बाजूला बारीक अक्षरात: एअर बबल. पुढची दोन छान जुळणारी.

दुसरं पान, ताट. पहिल्यावर आडवी रेघ. एअर बबल.

तिसरं पान. तसंच.

हे काम आता काचेच्या नळीनं होत नाही, यंत्रानं होतं. बारीक सुईनं नमुना आत सोडायचा असतो, आणि तिच्यात बुडबुडा येऊही शकतो. पण तीन नमुने, तिन्हीत पहिल्याच वेळी, आणि नंतर एकदाही नाही? आणि प्रत्येक वेळी यंत्र चाललं तर आलेखाचा कागद निघतो. तो सोबत एकच होता.

खरं सांगतो, मला आधी त्या बाईची आठवण आली नाही. मला आनंद झाला. इतका, की मी खुर्चीतून उठून दाराशी जाऊन आलो. पकडला, म्हटलं. सत्कार, शिक्का, गाडी, सगळं आता खाली येते. अजूनही माझीच नक्कल मारून राहिला हा, हा विचार तर गुळासारखा चघळला मी. मग माझी नजर अहवालाच्या कोपऱ्यावर गेली. हरकत नाही. ते अक्षर माझं होतं.

मॅडमना सांगताना मी युक्तीचं सांगितलं, पण कोणाची ते गिळलं. त्या साध्या नाहीत. चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या, "तुले तीन पानं पाहून एका मिनिटात कसं समजलं?"

"मी शिकवलं आहे त्याला."

"अच्छा. म्हणजे गुरुजी तुम्ही." मग गठ्ठ्यातला अहवाल काढून कोपऱ्यावर बोट ठेवलं. "आणि हे? ओळखत होता, तर बोलवायचं नाही काहून म्हणाला?"

मी काही जुळवायला पाहिलं, जुळेना. "त्याचं तोंड पाहायचं नव्हतं मॅडम."

त्यांनी चष्मा खाली घेऊन स्वतःची सही पाहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "सही माझी आहे. न वाचता केली. तुझी जळण आणि माझा आळस, आणि फासावर ती. लिही अर्ज."

तज्ज्ञाला उलटतपासणीसाठी बोलवावं असा अर्ज मी लिहिला. उशीर का झाला याचं कारण द्यावं लागतं. तिथं मी चार वेळा खोडलं आणि पाचव्यांदा लिहिलं, की ही चूक बचाव पक्षाच्या कनिष्ठ वकिलाची असून तिची शिक्षा आरोपीला होऊ नये. अर्ज मंजूर झाला.

समन्स पोचल्यावर त्याचा फोन आला. किती वर्षांनी.

"अबे, तू त्या केसमध्ये आहे? मले सांगायचं ना."

"या विषयावर आपण बोलू नये. तू साक्षीदार आहेस."

"साक्षीदार काय बे, दोस्त आहो आपण. तुले मालूम आहे का, दिवसाले किती बाटल्या येतात? टेबलं भरली आहेत. माणसं किती? मी आणि एक पोरगी. पोलिस रोज फोन करून राहिले, रिपोर्ट द्या, रिपोर्ट द्या. विष होतं ना त्या भाजीत? होतं. मंग?"

"किती होतं हा प्रश्न आहे."

तो म्हणाला, "तूच शिकवलं होतं ना हे. आता मलेच फसवून राहिला? तुले जळण आहे, आजची नाही. मी रुजू होताना रोज फोन करून तब्येत विचारत होतास, मले समजत नव्हतं का?"

मी फोन ठेवला. माझे कान तापले होते. त्याला माहीत होतं, आणि तरी इतकी वर्षं तो मला दोस्त म्हणत राहिला. यात तो मोठा ठरत होता, आणि तेही मला सहन होईना.

तारखेच्या आदल्या दिवशी मी करडीला गेलो. मायला पेटी उघडायला सांगितली.

"कायले पाह्यजे ते पुस्तक?"

"कोर्टात दाखवायचं आहे."

मायचा चेहरा उजळला. "कोर्टात? थ्यावर 'उत्कृष्ट' लिवलं आहे म्हून?"

"हो," मी म्हणालो. तिनं पदरानं खाकी कव्हर पुसून जर्नल माझ्या हातात दिली.

तो आला तेव्हा सरकारी गाडी नव्हती. बसनं आला होता, बुटांवर धूळ. खुर्ची मात्र मिळाली. मॅडमनी विचारलं, तपासणी किती वेळा केली. "तीनदा," तो म्हणाला, शपथेवर, ठाम. बुडबुडा तीनदा? "येऊ शकतो." आलेख एकच का? "बाकीचे जपून ठेवायची पद्धत नाही." आवाज भारी झाला होता त्याचा, नोकरीतला. न्यायाधीश मान हलवत होते. मी पाहत होतो आणि मला वाटत होतं, किती छान खोटं बोलतो हा. मला असं जमलं नसतं.

मॅडमनी हात मागे केला. मी जर्नल त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती उघडून त्याच्यासमोर ठेवली. ब्राऊन पेपर, माझं अक्षर, एका मागून एक पान. आडवी रेघ, एअर बबल. आडवी रेघ, एअर बबल. "ही पद्धत ओळखता?" मॅडम म्हणाल्या. "ही जर्नल माझ्या सहकाऱ्याची आहे. हे बुडबुडे कधी आलेच नव्हते, असं सांगायला तो साक्षीच्या पिंजऱ्यात यायला तयार आहे."

सरकारी वकील उठले, हरकत घेतली, कॉलेजच्या वहीचा काय संबंध म्हणाले. ते बोलत असताना तो जर्नल चाळत होता. शेवटच्या पानावर पोचला. तिथं पेन्सिलीनं सात-आठ सह्या होत्या. तिरप्या, शेपटीवाल्या.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग न्यायाधीशांकडे. "साहेब, मी आधी सांगितलं ते बरोबर नाही," तो म्हणाला. सरकारी वकील अर्धवट उभेच राहिले. "यंत्र एकदाच चालवलं. भाजीचा नमुना. बाकी दोन पानं मी भरली आहेत."

"आणि भाजीची उरलेली रीडिंग?" न्यायाधीशांनी विचारलं.

"ती पण."

पाणी पिऊन तो पुढे जे विचारलं त्याचं उत्तर देत गेला, सरळ. ही युक्ती कोणाकडून शिकली असं विचारलं तेव्हा म्हणाला, "आमच्याकडे सगळेच करायचे." माझं नाव त्यानं घेतलं नाही.

उरलेले नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवायचा आदेश झाला. त्याच्यावर खात्याची चौकशी लागली, आणि त्यानं सही केलेले बाकीचे अहवालही आता काढले जात आहेत. त्यातल्या किती अहवालांच्या कोपऱ्यात कोणी "हरकत नाही" लिहिलं असेल, ते मोजायला बसलं की माझी भूक मरते. बाई अजून जेलमध्ये आहे. तिनं औषध कालवलं की नाही, मला माहीत नाही. पण फासाचा आकडा आता कोणीतरी खरंच मोजणार आहे.

त्या दिवशी तिला गाडीकडे नेत होते. ती माझ्याजवळ थांबली. मला वाटलं, काही बोलेल. तिनं माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. तो फाटकाशी एकटा उभा होता, बसची वाट पाहत. तिनं त्याला दोन्ही हात जोडले.

"थो साहेब चांगला आहे," मला म्हणाली. "खरं बोलला."

"हो," मी म्हणालो. आणि इतकं सगळं झाल्यावरही, ते जोडलेले हात आपल्याकडे वळले असते तर, असं मला वाटलं.

जर्नल कोर्टानं नोंदीवर घेतली, तिला निशाणी क्रमांक पडला. माय दर वेळी विचारते, पुस्तक कधी परत देतात. परवा मी तिला खरं सांगितलं, पहिल्या बुडबुड्यापासून. तिनं सगळं ऐकलं. पेटी उघडली, पदवीचा कागद बाहेर काढला, उलटासुलटा करून पाहिला.

"हा तरी खरा आहे ना बापू?" म्हणाली.